पान झाकून बघा

कॉम्प्युटर व्हिजन हा माझा पोटापाण्याचा विषय. मी शिकायला लागले तेव्हा चित्रातल्या कडा, कोपरे आणि रंगांचे पुंजके कसे मोजायचे हे माणूस ठरवत असे. २०१२ साली टोरांटो विद्यापीठाच्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत चुकांचं प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणलं. दुसऱ्या क्रमांकाचा संघ २६.२ वर होता. त्यानंतर काय मोजायचं हेही यंत्रानेच शिकायचा रिवाज पडला. माझी पुढची वर्षं बरीचशी पानांत गेली. द्राक्षाची पानं, डाळिंबाची, कपाशीची. नवं संशोधन शेतात नेऊन बघायचं आणि त्यातलं जे टिकेल ते ठेवायचं, असं काम.

या क्षेत्रात नव्याने येणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मॅडम, मॉडेल कुठलं वापरू?” खालचे मुद्दे हे त्याचंच लांबलेलं उत्तर आहे.

१. आकड्याच्या आधी फोटो बघा

पिकांच्या रोगांवरचा सर्वांत गाजलेला फोटोसंच म्हणजे प्लँटव्हिलेज. ५४,३०६ पानं, १४ पिकं, २६ रोग. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूजेस आणि सालाथे यांनी त्यावर मॉडेल शिकवून ९९.३५ टक्के अचूकता गाठली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत तेव्हापासून हा आकडा फिरतो आहे. त्याच लेखात आणखी एक आकडा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. वेगळ्या ठिकाणचे, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. लेखकांनी तो लपवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

संचातले फोटो शेजारी शेजारी मांडले की कारण दिसायला लागतं. पान तोडून करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवलेलं असतं. एका गटात कागदाची एक छटा, दुसऱ्या गटात दुसरी. उजेडाचंही तसंच. २०२२ मध्ये एका संशोधकाने यावर फार सुंदर प्रयोग केला. त्याने प्रत्येक फोटोतले फक्त ८ पिक्सेल घेतले, तेही पार्श्वभूमीचे. पानाचा एक कणही त्यात नव्हता. तेवढ्यावर पीक-रोग जोड्यांच्या ३८ गटांतून बरोबर गट ओळखण्याचं प्रमाण ४९ टक्के आलं. डोळे मिटून अंदाज केला असता तर ते २.६ टक्के आलं असतं.

तेव्हापासून माझ्या कामात एक पायरी पक्की झाली. कुठलाही संच हाती आला की पानावर काळा चौकोन ठेवायचा आणि उरलेल्या कडांवर एक छोटं मॉडेल शिकवायचं. पान झाकलेलं असतानाही रोग ओळखता येत असेल, तर तो संच मी शिकवण्यासाठी वापरत नाही. डाळिंबाच्या एका संचात हे फारच स्वच्छ दिसलं. निरोगी पानांचे फोटो सगळे कोवळ्या उन्हातले आणि तेल्या रोगाचे सगळे भर दुपारचे होते. फोटो काढणारा मुलगा हुशार होता. रोगट बागेतून निरोगी बागेत जंतू जाऊ नयेत म्हणून तो चांगली बाग सकाळीच उरकायचा. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर, आणि मॉडेल मात्र त्यातून घड्याळ शिकलं असतं.

२. यंत्र सोप्यात सोपी खूण पकडतं

प्रश्नपत्रिकेतला क्रमांक बघून पाठ केलेलं उत्तर लिहिणारा विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो काही खोटं करत नाही, मार्क मिळण्याची सर्वांत स्वस्त वाट त्याने शोधलेली असते. न्यूरल नेटवर्कही तेच करतं. २०१८ च्या एका अभ्यासात समुद्रकिनाऱ्यावर उभ्या गायीला गाय म्हणायला मॉडेलं अडखळली, कारण त्यांनी गाय नेहमी गवतासोबत पाहिली होती. त्याच वर्षी छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलांबद्दल असं दिसलं की फोटो कुठल्या रुग्णालयातला आहे हेच ती ओळखत होती आणि त्या रुग्णालयात न्यूमोनियाचं प्रमाण किती यावर विसंबत होती.

मला सर्वांत आवडतो तो २०१९ मधला ट्युबिंगनच्या गाइरहोस आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. त्यांनी मांजराची आकृती घेऊन तिच्यावर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला. तान्हं पोरही त्याला मनीमाऊ म्हणेल. इमेजनेटवर शिकलेलं मॉडेल म्हणालं ‘भारतीय हत्ती’, आफ्रिकी सुद्धा नाही! आकारापेक्षा पोतावर त्याची भिस्त जास्त होती. पानांच्या बाबतीत ही सवय कधी कधी पथ्यावर पडते, कारण रोग बहुतेकदा पोतातच असतो. पण धुळीने माखलेलं पान आणि भुरी आलेलं पान यांचा पोत लांबून सारखाच, आणि आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या बागांत धुळीची टंचाई नाही.

३. पान उलटं करा

दिंडोरी भागातले एक द्राक्ष बागायतदार, वय सत्तरीच्या पुढचं, मी फोटो काढत असताना शेजारी येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघून म्हणाले, “ताई, वरून काय दिसणार? खालून बघा की.” त्यांनी पान उलटलं. वरच्या बाजूला फक्त एक तेलकट पिवळसर डाग होता. खालच्या बाजूला डाऊनी रोगाची पांढरी बुरशी लख्ख दिसत होती.

आमच्या त्या वेळच्या फोटोसंचांत पानांची वरची बाजूच होती, कारण उभ्याने मोबाइल धरला की तीच समोर येते. जी माहिती फोटोत शिरलीच नाही ती कितीही थरांचं नेटवर्क बाहेर काढू शकत नाही. त्यामुळे आता आमचं रोग ओळखणारं अ‍ॅप आधी दोन फोटो मागतं, वरून आणि खालून, आणि मगच काही बोलतं. दुपारी बारा ते तीन फोटो नकोत, मेणचट पानावर चकाकी येते. स्वतःची सावली पानावर पडू द्या, उजेड सारखा राहतो. फ्लॅश बंद. हे सगळं एका पानाच्या पत्रकावर मावतं आणि माझ्या मते एखादा नवा शोधनिबंध राबवण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

फोटो नीट न निघाल्याने काय होतं याची डॉक्टरी क्षेत्रात मोठी नोंद आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारं गूगलचं मॉडेल २०१६ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात गाजलं. त्या कामात भारतातली तीन नेत्ररुग्णालयं होती आणि १,२८,१७५ फोटोंवर मॉडेल शिकवलेलं होतं. पुढे ते थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत नेलं तेव्हा पाचव्या हिश्शाहून जास्त फोटो यंत्राने तपासायलाच नकार दिला. तिथल्या खोल्यांत अंधार नीट होत नव्हता, नर्सबाईंपुढे रांग होती, आणि प्रयोगशाळेतल्या फोटोंची चोख प्रत तिथे मिळणं शक्य नव्हतं. २०२० मध्ये हा अहवाल त्याच कंपनीच्या लोकांनी लिहिला. असे अहवाल अजून हवेत.

४. एका लाल पानामागे पाच कारणं असतात

कपाशीचा लाल्या घ्या. पान लाल पडतं हे नक्की. पण कशाने? मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, मुळाशी पाणी साचलं, रात्री एकदम गारठा आला, नाहीतर तुडतुड्यांनी रस शोषला. फोटो एकच, औषध वेगळं. काही कारणांना तर औषधच नाही.

तीन कृषितज्ज्ञांना एकच फोटो स्वतंत्रपणे दाखवला तर तीन उत्तरं येतात. त्यांच्या ज्ञानात खोट नसते. शेतात उभे असते तर त्यांनी माती हातात घेतली असती, शेजारची ओळ पाहिली असती, “पाणी कधी दिलंत?” असं विचारलं असतं. फोटोवर लेबल लावणं म्हणजे हे सगळं नसताना दिलेला कौल. म्हणून एका फोटोला एकच लेबल हा हट्ट मी सोडायला लावते. वर सांगितलेल्या डोळ्याच्या पडद्याच्या कामात ५४ डॉक्टरांच्या गटाकडून प्रत्येक फोटो ३ ते ७ वेळा तपासला गेला होता, ते उगीच नाही. आणि जगात ज्यांच्यावर आपण मॉडेलं तोलतो त्या संचांची लेबलं तरी कुठे शुद्ध आहेत? २०२१ च्या एका तपासणीत दहा प्रसिद्ध चाचणी-संचांत सरासरी किमान ३.३ टक्के लेबलं चुकीची निघाली. एका मॉडेलने दुसऱ्याला अर्ध्या टक्क्याने हरवलं अशी बातमी वाचताना हा आकडा मनात ठेवावा.

५. अवघड चित्र सोडा, सोपं चित्र शोधा

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. बाहेरून बोंड हिरवंगार, धडधाकट. कितीही चांगला कॅमेरा लावा, हिरव्या बोंडाच्या फोटोवरून अळी ओळखणं म्हणजे जादू. डोमकळी (अळी शिरलेलं मिटकं फूल) दिसली तर समजतं, पण ती शोधायला शेतभर फिरावं लागतं.

वाधवानी एआय या संस्थेने इथे प्रश्नच बदलला. शेतकरी कामगंध सापळे लावतातच. त्यात अडकलेले पतंग पांढऱ्या कागदावर ओतायचे, फोटो काढायचा आणि मॉडेलने ते मोजायचे. कृषी विभागाचा ठोकताळा आधीपासून होताच की सलग तीन दिवस, दर सापळ्यात रोज आठ किंवा जास्त गुलाबी बोंडअळीचे पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली. मॉडेलला रोग ओळखायचा नाही, शेतीचा निर्णय घ्यायचा नाही, फक्त मोजायचं आहे. पांढऱ्या कागदामुळे पार्श्वभूमीचा घोळही गेला. मोबाइलवर, नेटवर्क नसताना चालेल इतकं ते हलकं करता आलं. २०२० मध्ये केडीडी परिषदेत त्यांचा निबंध आला. नव्या मुलांना मी तो आधी वाचायला देते आणि मग बाकीचं.

६. गेल्या काही वर्षांत खरोखर काय बदललं

इतकं वाचून वाटेल की बाई नव्याच्या विरोधात आहेत. तसं मुळीच नाही. माझं काम दोन गोष्टींनी आमूलाग्र बदललं.

पहिली गोष्ट, लेबलांशिवाय शिकणं. २०२१ मध्ये कायमिंग हे आणि सहकाऱ्यांनी चित्राचा ७५ टक्के भाग झाकून उरलेल्या तुकड्यांवरून झाकलेला भाग भरायला मॉडेलला लावलं. इथे कुणी लेबल लावायची गरजच नाही, उत्तर चित्रातच आहे. मेटाचं डायनो वेगळ्या वाटेने गेलं. एकाच चित्राच्या वेगवेगळ्या कातरणांचं वर्णन एकसारखं आलं पाहिजे, एवढीच अट. २०२३ चं डायनोव्ही२ १४ कोटी २० लाख चित्रांवर लेबलांशिवाय शिकलं. याचा शेतातला अर्थ असा की पूर्वी एका रोगासाठी हजारो लेबल केलेले फोटो लागायचे, आता असं तयार मॉडेल घेऊन त्याच्या वर एक साधा थर शिकवला की थोडक्या फोटोंत काम सुरू होतं. जो रोग तीन वर्षांतून एकदा येतो त्याचे हजारो फोटो आणायचे कुठून, ही आमची जुनी रड त्याने बरीच कमी केली.

दुसरी गोष्ट, सॅम. पानाची किनार, डागाची किनार माउसने ओढत बसणं हे या धंद्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम. दिवसभर तेच करणाऱ्या मुलींची मनगटं दुखायची. एप्रिल २०२३ मध्ये मेटाने सेगमेंट एनिथिंग (सॅम) हे मॉडेल आणि त्यासोबत १ कोटी १० लाख चित्रं, ११० कोटी मास्क (आखलेले आकार) खुले केले. आता एक क्लिक करायची, किनार येते. बारीक तणावे आणि एकमेकांवर चढलेली पानं यांत ते गोंधळतं, तिथे हात लावावा लागतो. आणि हे लक्षात असू द्या की त्याने किनार दिली, ओळख दिली नाही. तो डाग रोगाचा की फवारणीच्या औषधाचा, हे त्याच्या गावीही नसतं.

जुनंही टाकू नका. डागाचं क्षेत्रफळ मोजायला मी अजून यू-नेट वापरते. फ्रायबुर्गमध्ये २०१५ साली ते पेशींच्या चित्रांसाठी बनलं, अगदी थोड्या चित्रांवर शिकून स्पर्धा जिंकलं. लहान आहे आणि स्वस्तात चालतं.

७. बोलणारं मॉडेल वाचतं जास्त, बघतं कमी

चित्र दाखवून प्रश्न विचारायची सोय आली तेव्हा शेतकऱ्यांचे फोन वाढले. “ताई, त्या चॅटवाल्याने सांगितलं करपा आहे.” फोटो मागवला तर पानाशेजारी औषधाची बाटली, तिच्या लेबलवर करप्याचं नाव. मॉडेलने बाटली वाचली होती.

हे नवीन नाही. २०२१ मध्ये ओपनएआयचं क्लिप आलं, चित्र आणि मजकुराच्या ४० कोटी जोड्यांवर शिकलेलं. तेव्हाच त्याच संस्थेच्या लोकांनी दाखवलं की सफरचंदावर ‘आयपॉड’ असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली की ते सफरचंदाला आयपॉड म्हणतं. २०२४ मधल्या एका निबंधात मोठमोठ्या बोलक्या मॉडेलांना बालवाडीतले प्रश्न घातले होते. ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात का? या दोन रेषा किती ठिकाणी मिळतात? उत्तरं लाजिरवाणी होती. २०२५ मधल्या दुसऱ्या एका निबंधात ओळखीच्या चित्रात थोडा फेरफार केला होता. तीन पट्ट्यांच्या प्रसिद्ध खुणेला चौथी पट्टी जोडली, तरी मॉडेलं तीनच म्हणत राहिली. त्यांना माहीत होतं की तीन असतात, मग मोजायचं कशाला?

शेतात याचा अर्थ असा की सोलापूरचं डाळिंब म्हटलं की तेल्या, असं ते तुम्ही फोटो दाखवायच्या आधीच ठरवून बसलेलं असतं. म्हणून तपासणी करताना गावाचं आणि पिकाचं नाव मी आधी सांगत नाही.

८. आपल्या रस्त्याचे फोटो आपणच काढायचे

जर्मनीतल्या आणि आजूबाजूच्या ५० शहरांतून जमवलेला सिटीस्केप्स हा संच २०१६ पासून स्वयंचलित गाड्यांच्या संशोधनाचा पाया आहे. त्यात रिक्षा नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने हैदराबाद आणि बंगळूरच्या रस्त्यांवरून सुमारे १०,००० चित्रांचा आयडीडी संच केला, त्यात रिक्षाला स्वतःचा वर्ग आहे, जनावरांना आहे, आणि रस्ता जिथे संपून माती लागते त्या अर्धवट पट्ट्यालाही आहे. पानांच्या बाबतीत आयआयटी गांधीनगरने प्लँटडॉक केला. २,५९८ फोटो, प्रत्यक्ष परिस्थितीतले, मागे माती आणि तण असलेले. प्लँटव्हिलेजच्या मानाने अगदी छोटा, पण माझ्या हिशेबी जास्त मोलाचा.

९. ‘सांगता येत नाही’ हेही उत्तर असू द्या

३८ गटांवर शिकलेल्या मॉडेलला चप्पल दाखवा. ते ३८ पैकी एका गटाचं नाव सांगेल, वर ठामपणे. कारण एवढंच की टक्केवारी वाटून टाकायला त्याच्याकडे दुसरं खातंच नाही. चुकीच्या उत्तराने एक फवारणी वाया जाते, कधी निर्यातीच्या द्राक्षात औषधाचा अंश राहतो आणि कंटेनर अडतो. म्हणून एका मर्यादेखाली अ‍ॅपने गप्प बसावं आणि फोटो कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावा. गुंतवणूकदारांना हे आवडत नाही, शेतकऱ्यांना आवडतं.

१०. काही कामांना नाही म्हणायचं

एका पॅकहाऊसमध्ये घडांची प्रतवारी करणाऱ्या कॅमेऱ्याचं काम चाललं होतं. बैठकीत विचारणा झाली, याच कॅमेऱ्याने बायकांचे हात किती भरभर चालतात ते मोजता येईल का, कुणाचा चेहरा कधी वर झाला ते टिपता येईल का. येईल, तांत्रिकदृष्ट्या अगदी सहज. आम्ही ते केलं नाही आणि कारणही तिथेच सांगितलं.

२०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या बाजारातल्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. पॅकहाऊसमधल्या बायका कुठल्या बाजूला पडतात हे सांगायला नको. योलो ही आज सगळीकडे वापरली जाणारी वस्तू-शोधपद्धत करणाऱ्या जोसेफ रेडमन यांनी तर २०२० मध्ये हे संशोधनच सोडल्याचं जाहीर केलं. लष्करी वापर आणि खासगीपणावरचं आक्रमण ही त्यांनी दिलेली कारणं. मी एवढी टोकाची नाही, पण त्यांची गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते.

११. वारा पडला की शूटिंग करा

सध्या माझा सगळा वेळ त्रिमिती चित्रात जातो. २०२० मध्ये नर्फ आलं. एका वस्तूचे बरेच फोटो दिले की कुठल्याही कोनातून ती कशी दिसेल ते सांगायचं, पण एका दृश्याला शिकायलाच दिवसभर लागायचा. २०२३ मध्ये गॉसियन स्प्लॅटिंगने तेच दृश्य थेट पडद्यावर फिरवून दाखवलं. २०२५ मध्ये सीव्हीपीआर परिषदेत सर्वोत्तम निबंधाचा मान व्हीजीजीटीला मिळाला. ऑक्सफर्ड आणि मेटाच्या या मॉडेलला फोटोंचा गठ्ठा द्या, कॅमेरा कुठे होता आणि प्रत्येक बिंदू किती लांब आहे हे ते काही सेकंदांत एका दमात सांगतं.

मला यातून द्राक्षाच्या घडाचं आकारमान मोबाइलच्या व्हिडिओवरून काढायचं आहे. व्यापारी येण्याच्या आधी शेतकऱ्याला आपल्या मालाचा अंदाज असावा, हा हेतू. अडचण अशी की या पद्धती बहुतेक करून दृश्य स्थिर आहे असं धरून चालतात, आणि वेलीचं पान वाऱ्यावर हलतंच. एका फोटोतलं पान दुसऱ्या फोटोत चार बोटं सरकलेलं असतं, मग घडाच्या जागी धुरकट गोळा तयार होतो. संगणकावरचे उपाय चालू आहेत. तोपर्यंत आम्ही पहाटे, वारा उठायच्या आत ओळीतून चालतो आणि पानांआड लपलेल्या घडांसाठी एकजण पुढे जाऊन पानं बाजूला धरतो. मण्यांवर दव असलं तर चकाकी येते, तेव्हा दव उतरेपर्यंतही थांबावं लागतं. ही दोन्ही जमणारी वेळ हिवाळ्यात जेमतेम अर्धा तास मिळते, आणि नेमकी त्याच वेळी बागायतदाराची फवारणीची घाई असते.